मामाला आधी विचारा

मुळशीतल्या गावांत आमच्या संस्थेच्या बैठका सुरू झाल्या, तेव्हा आम्ही फक्त बायकांना बोलवायचो. मुलीचं लग्न अठराच्या आत करू नका, एवढंच सांगायचं. बायका ऐकून घ्यायच्या, चहा पाजायच्या. शेवटी एकीनं मला सरळ विचारलं, "बाई, हे आमाला सांगून काय उपेग? सुपारी फुटती तवा आमी चुलीम्होरं आसतो."

तिची स्वतःची मुलगी नववीत होती. रस्त्याकडेची जमीन नुकतीच विकली गेली होती, आणि हातात पैसा आहे तोवर लग्नाचा बार उडवून टाकायची नवऱ्याला घाई झाली होती. येत्या रविवारी सुपारी फोडायची ठरली होती.

म्हणून आम्ही देवळात पुरुषांची बैठक घेतली. कायदा समजावला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलीचा बाप तर पहिल्याच रांगेत होता. निघताना त्यानं मला लग्नाचं आमंत्रण दिलं.

उपाय सापडला तो मुलीच्या आईकडूनच. नवरा कुणाचं ऐकणारा नव्हता, पण तिचा भाऊ उभा राहिला नाही तर अक्षता पडणार नाहीत, असं ती म्हणाली. मुलीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. सख्खा मामा असून आला नाही, तर वऱ्हाडाला काय सांगणार?

हा मामा पौड ते चांदणी चौक सहाआसनी रिक्षा चालवायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला पौडच्या स्टँडवर गाठलं आणि त्याच्या शेजारी पुढं बसले. विषय काढताच तो म्हणाला, "बाई, फुकट बसा, पन भाषान नको."

भाषण केलं नाही. बहिणीचं लग्न झालं तेव्हा ती केवढी होती, एवढंच विचारलं. पिरंगुटला त्यानं दोन प्रवासी उतरवले. मग त्यानं सांगितलं की लग्नानंतर मुराळी म्हणून तिला माहेरी आणायला तोच गेला होता. भाऊ आला म्हणून ती पळत बाहेर आली आणि लुगड्यात पाय अडकून अंगणात पडली. "समदी हसली. मीबी हसलो," तो म्हणाला. पुढं चांदणी चौक आला. उतरताना त्यानं भाडं मात्र घेतलं.

रविवारी मी आत बायकांत बसले होते. पिशवीत कायद्याचे कागद होते, ते काढायची वेळच आली नाही. बाहेर जाजमावर सुपारी ठेवली गेली आणि मामाचा आवाज आला.

"फोडायची तर फोडा. पन मी पाठीशी उभा ऱ्हानार न्हाई. पोरीला अठरा भरू द्या, मग मांडव बी मीच घालतो."

"गाडीवर बसून लई शाना झालास," मुलीचा बाप म्हणाला.

मुलाकडचे म्हातारे थोडा वेळ कुजबुजले. मामाबिगर लगीन आमच्यात होत नाही, असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. आमच्या बैठकांनी झालं नव्हतं ते चहा गार व्हायच्या आत झालं. मुलीच्या आईनं चुलीवरचं पुरणाचं पातेलं उतरवलं आणि मुलीला म्हणाली, "उद्या शाळा हाय न्हवं? झोप लवकर."

फुकटात मात्र काही मिळालं नाही. मेव्हण्यानं मामाशी बोलणं टाकलं, आणि त्या दिवाळीला बहीणभावाची भाऊबीज मुलीच्या शाळेच्या बंद फाटकाशी झाली. पण स्टँडवरच्या बाकीच्या रिक्षावाल्यांपर्यंत गोष्ट पोचली. त्यांतले बरेच कुणाचे ना कुणाचे मामा होते. दोघे स्वतःहून भाचीच्या लग्नाचं मला विचारायला आले. तेव्हापासून नव्या गावात गेलं की मी आधी विचारते, मुलीचा मामा कुठं असतो?

मुलगी बारावी झाली. पुढं लग्न ठरलं ते तिला विचारून. मला आमंत्रण द्यायला बापच आला, या वेळी योग्य वयातल्या लग्नाचं. मुहूर्ताला मामा चांदणी चौकातल्या गर्दीत अडकला होता. भटजी घड्याळ बघू लागले. मुलीचा बाप फेटा सावरत रस्त्यापर्यंत गेला, पौड रस्त्याकडे बघत उभा राहिला आणि तिथूनच त्यानं मांडवात ओरडून सांगितलं, "अंतरपाट धरू नका. मामा येतोय."