झुंबरनं अडवलेला तिसरा अंक

कळस गावचा झुंबर दिवसभर गुऱ्हाळावर काहिलीतला रस ढवळायचा आणि जत्रेच्या नाटकात नायिका व्हायचा. हात फावड्यासारखे, पण लुगडं नेसून पदर सावरला की बायकाच म्हणायच्या, "अगं बया! आमाला बी असं चालता येत न्हाय."

सदतीस सालच्या जत्रेला त्यानं हट्टानं एका गाजलेल्या नाटककाराचं पडलेलं नाटक निवडलं. पुण्यात ते दोन-चार प्रयोगांतच गुंडाळलं होतं. मग हवं कशाला? तर दुसऱ्या अंकासाठी! नवरा खोटा आळ घेऊन बायकोला घराबाहेर काढतो आणि ती उंबऱ्यावरून जे बोलते, त्यानं दगडाला पाझर फुटावा. पण तिसरा अंक? अहो, नुसता पाणचट! नवरा येतो, एक पद म्हणतो, की ही बाई लगेच त्याच्या पायावर. "येवढा मोठा मानूस," झुंबर तालमीत कुरकुरायचा, "पन शेवटाला घाई केली त्यानं."

कुरकुरायला कारणही तसंच होतं. त्याची धाकटी बहीण रतन अशाच आळापायी वर्षभर माहेरी बसली होती. आता तिचा नवरा सोपान कोऱ्हाळ्याहून जत्रेला यायचा होता आणि जाताना तिला घेऊन जायचा होता. वडलांनी, आबाजींनी, ठरवलं. झुंबरनं मान डोलावली. रतनला कुणी विचारलंच नाही.

जत्रेत जावई म्हणून सोपानराव अगदी पुढं बसले. तिसऱ्या अंकात नवरा झालेल्या गेणबानं पद संपवलं आणि पाय पुढं केला. झुंबर वाकलाच नाही. गेणबानं घाबरून तेच पद पुन्हा म्हटलं. आतून वाक्यं सांगणारा सांगून सांगून थकला. शेवटी झुंबर म्हणाला, "पद ऱ्हाऊ द्या. आळ चार मानसांत घेतलात, आता चार मानसांतच मागं घ्या."

हे काही लिहिलेलं नव्हतं. बायकांच्या बाजूनं एकच गलका उठला, "व्हय, घ्या की मागं!" सोपानची मान जी खाली गेली ती वर आली नाही.

सकाळी गाडी जुंपली, तेव्हा रतन दारात उभी राहून नवऱ्याला तेच बोलली. आबाजी तिच्यावर खेकसले, पण ती हलली नाही. सोपाननं आळ मागं न घेताच कासरा ओढला. गाडी रिकामीच गेली.

झुंबरला भरून आलं. तो बहिणीजवळ जाऊन म्हणाला, "शेवट आता नीट बसला बघ, रतने."

रतननं त्याच्याकडं रोखून बघितलं.

"बाई झाल्यावर तोंड उघडलंस व्हय, दादा? बाप्या हुतास तवा नुसती मान डोलावलीस."