शेतकी साहेबांचा तोडणी कार्यक्रम

पोरांकडे उसाच्या फडासारखं बघणारा आणि तरीही एकाही पोराला ज्याचा राग आला नाही, असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला. आणि माझं भाग्य असं, की तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसत असे. मी माजलगावजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवतो. कॉलेज सहकारी साखर कारखान्याच्याच संचालकांनी काढलेलं. सलग तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली, धरणाचा तळ दिसला, ऊस संपला, कारखान्याची चिमणी थंड पडली. आता शेतकी अधिकाऱ्याला काम काय द्यायचं? संचालकांनी त्याला उचललं आणि आमच्या करिअर मार्गदर्शन कक्षाचा प्रमुख करून टाकलं. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "सर, तुमी घाबरू नका. हे बी तोडणीचंच काम हाय. माल वेळेत तयार करायचा आन् वेळेत गाडीत भरायचा." सगळे त्यांना शेतकी साहेबच म्हणत राहिले.

त्यांनी कारखान्यातून ऊसनोंदीची कोरी वही आणली आणि शेवटच्या वर्षाच्या बावीस पोरापोरींची तीत रीतसर लागवड केली. नावं उसाच्या लागवडीचीच: वेळेत पास होणारा तो 'सुरू'. दोन विषय राहिल्यानं ज्याला सहा महिने जास्त लागणार तो 'आडसाली'. नापास होऊन त्याच वर्गात पुन्हा फुटलेला तो 'खोडवा'. एका पोरानं धीर करून विचारलं, "साहेब, मला कावून खोडवा म्हंता?" साहेब म्हणाले, "आरं, खोडव्याला लागवडीचा खर्च न्हाई बे! नुस्तं पाणी द्यायचं, लई लवकर येतो." पोरगं त्या परीक्षेत सुटलं. मी त्याला दोन वर्षं गणित समजावून थकलो होतो.

संशोधनाच्या सेमिनारना ते पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसत. विषय कोणताही असो, शेवटी उठून एकच प्रश्न: "समदं समजलं. पर ह्याला पाणी किती लागतं?" पोरं हसत. एकदा पुण्याहून आलेले एक प्राध्यापकही हसले, मग थांबले, फळ्याकडे वळले आणि पाच मिनिटं आकडे मांडत राहिले. त्यांचं नवं यंत्र थंड ठेवायला रोज अर्धा टँकर पाणी लागत होतं. "हे मी धरलंच नव्हतं," ते म्हणाले. साहेब खाली बसले आणि माझ्या कानात पुटपुटले, "चांगला माणूस हाय. कबूल करतो."

मुलाखतीच्या सरावासाठी कॉलेजात टाय एकच होता. त्याची गाठ बँकेच्या मॅनेजरनं बांधून दिलेली, आणि ती सोडायला साहेबांची सक्त मनाई. सुटली तर पुन्हा बांधणार कोण? टाय तसाच या डोक्यावरून त्या डोक्यावर जाई.

पण मुलाखत घ्यायला यायचं कुणी? त्या वर्षी एकही कंपनी आमच्याकडे फिरकेना. परीक्षा पंधरा दिवसांवर आल्या होत्या. एकदा पोरं घरोघर पांगली की त्यांना परत गोळा करणं कुणालाच जमणार नव्हतं. अशात बातमी आली, की पुण्याच्या एका कंपनीचे अधिकारी अंबाजोगाईकडच्या एका कॉलेजात भरतीला येणार आहेत, सकाळी नऊला बीडच्या स्टँडवर उतरणार.

दुष्काळात ऊस कमी पडला की एका कारखान्याची वाटेवरची गाडी दुसऱ्यानं आपल्या वजनकाट्यावर वळवायची, हे आमच्या भागात चालत आलेलं. साहेबांनी त्यात अर्धं आयुष्य घालवलेलं. साडेआठला आम्ही स्टँडवर हजर. माझ्या हातात हार, साहेबांच्या हातात त्या दुसऱ्या कॉलेजच्या नावाची पाटी. अधिकारी उतरले, हार घातला, जीपमध्ये बसवले. खरी जीप यायच्या आत आम्ही वडवणीच्या रस्त्याला लागलो होतो.

बिचारे अधिकारी खुश. म्हणाले, "तुमचे विद्यार्थी फार उत्साही दिसतात हो. सातपासून हॉलमध्ये बसलेत, असा निरोप होता तुमच्या सरांचा." साहेबांनी मांडीवरची पाटी उलटी करून पायाशी ठेवली. तेलगावच्या चौकात, जिथून एक रस्ता माजलगावला आणि एक धारूरवरून अंबाजोगाईला जातो, तिथं त्यांनी जीप थांबवून चहा सांगितला.

"साहेब, आमी तुमाला पळवलंय," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांचा कप हवेतच राहिला. "म्हणजे?"

"आमचं कॉलेज दुसरं हाय. आमच्याकडं कुनी येईना, म्हून तुमाला उचललं. ऊस पळवला तर कारखान्याचं नुकसान होतं, त्याचं मला कवाच काही वाटलं न्हाई. पर तिकडं बी पोरंच बसलीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, कॉलेजात फोन लावा. आपली बावीस बसमधी भरा आन् धारूरच्या रस्त्यानं पाठवा."

तिथले प्राचार्य फाटकातच तापून उभे होते. साहेबांनी हात जोडले. "तुमचा माणूस तुमच्या दारात आणला. आता आमची बी पोरं बसू द्या." अधिकारीच मध्ये पडले. दिवस मावळेपर्यंत त्यांनी सगळ्यांच्या मुलाखती घेतल्या. नऊ जण निवडले. त्यातले सात त्यांचे, दोन आमचे.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, बॉयलर पेटला आणि साहेब पुन्हा शेतकी खात्यात गेले. आता आमच्याकडे लॅपटॉपवाले प्लेसमेंट अधिकारी आहेत आणि सेमिनारात पाण्याचं कुणी विचारत नाही.

परवा ते बाजारात भेटले, मोटरसायकलवर. माझ्या मनात बरेच दिवस होतं ते मी विचारलं, "साहेब, त्या दिवशी आपण सरळ माजलगावला गेलो असतो तर?"

"नऊच्या नऊ आपली लागली असती," ते लगेच म्हणाले. त्यांनी हा हिशेब कधीचाच केलेला होता. मग राहिलेल्या वीस जणांपैकी एकेकाचं नाव घेऊन कोण कुठं आहे ते सांगू लागले: हा चाकणला, ही औरंगाबादला, हा बीडला क्लासमध्ये शिकवतो. एकोणीस झाले आणि ते थांबले.

"एक अजून घरीच हाय," ते म्हणाले. खिशातून डोकावणारं नोकरीच्या जाहिरातीचं कात्रण नीट आत सारलं आणि गाडीला किक मारली. "त्याच्याकडंच चाललोय."