लेकुरवाळीचा हात

लग्न होऊन सौंसरला आले तेव्हा माझ्या वाट्याला काय आलं, तर सासूबाईंच्या कोंबड्या! गावात तेव्हा टीव्ही मोजक्याच घरी होते. आमच्या परसात मात्र कोंबड्यांचा सुळसुळाट. पहाटे खुराड्याच्या तोंडावरचा दगड मी सरकवायचा. शीट खरवडून संत्र्यांच्या बुडाशी मी टाकायची, आत राख पसरायची, फुटक्या मडक्यात पाणी भरायचं, ज्वारीच्या कण्या फेकायच्या. तिन्हीसांजेला सगळ्यांना हाकून आत कोंडायलाही मीच. तोवर माझ्या हातात कुणाला खोट दिसली नाही.

मग भुरी कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवर बसायला आली. जागची हलेना, जवळ गेलं की फुगून चोच मारायची. मी टोपलीत भुसा घातला, अंडी निवडून आणली, तर सासूबाईंनी माझं मनगटच धरलं.

“काय करून राहिली व? तू नको ठेवू. लेकुरवाळीचा हात लागते त्याले.”

मला मूल नव्हतं. अंगाची नुसती लाही लाही झाली. शीट काढायला हा हात चालतो, अंडं ठेवायला चालत नाही!

सासूबाईंनी अंडी ठेवायला शेजारणीला बोलावलं. तिच्या घरी पोरांचं लेंढार, पण कोंबडीची तिला भलती भीती. सासूबाई तिच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या, तशी ती मला हळूच म्हणाली, “तूच ठेव ना माय, टोचते ते.” अंडी मी ठेवली. चहा ती प्यायली.

पुढे कोंबडीजवळ दाणापाणी मी ठेवलं, मांजर मी हाकललं. पिल्लं निघाली, एक अंडं तेवढं तसंच राहिलं. जामसांवलीहून दर्शन करून आलेल्या बायका अंगणात टेकल्या होत्या. सासूबाई त्यांना कौतुकानं पिल्लं दाखवत होत्या.

“पाहा, लेकुरवाळीचा हात!”

आणि शेजारीण खुशाल हसत बसलेली. माझा ताबा सुटला. सासूबाईंना म्हटलं,

“आत्याबाई, अंडी मी ठेवली. यायनं हातही नाही लावला. विचारा यायले.”

शेजारणीनं पदर तोंडाला लावला. सासूबाईंनी त्या न फुटलेल्या अंड्याकडे बोट केलं.

“म्हून तं हे वाया गेलं.”

मी कोपऱ्यातला खराटा आणून शेजारणीच्या मांडीवर ठेवला. “उद्यापासून खुराडंही लेकुरवाळीच्याच हातानं झाडून घ्या,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी अंथरुणातच पडून राहिले. कोंबडा आतून आरडाओरडा करत होता. शेवटी दगड सासूबाईंनीच सरकवला.