खाकी शिपाई

डिंक भिजत घातला की त्या वासासरशी मला धसईचं आमचं अंगण आठवतं. लढाईची वर्षं होती, भाऊ पलटणीत गेलेला, म्हणून दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत मी त्यालाही उभं केलं होतं. करंगळीएवढा मातीचा शिपाई. हळदीत काजळ कालवून त्याला खाकी रंग दिला, काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्यानं मिशी काढली. पायाखाली कौलाची चकती भाताच्या खळीनं चिकटवली आणि जमीन दिसावी म्हणून वर कोंडा भुरभुरला. तिथंच चुकलं. सकाळी बघते तर कोंड्यासाठी कोंबड्यांनी सगळी फौज आडवी केलेली आणि खाकी शिपायाचा पाय मोडलेला. आई दारातच थिजली. "ऱ्हाऊ दे गो, आता नको करू," एवढंच म्हणाली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं आणि म्हणूनच मी हट्टाला पेटले. "नाय, तो उभा ऱ्हायलाच पायजे!" बाभळीचा डिंक खरवडून आणला, पाय जोडला, कोंड्याऐवजी नदीची वाळू लावली आणि डिंक सुकेपर्यंत त्याला बोटांत धरून बसले, जेवायलाही उठले नाही. लढाई संपल्यावर भाऊ कुबडी घेऊन परत आला. कोनाड्यातला तो शिपाई त्यानं हातात घेऊन निरखला नि हसला, "माझ्यापरीस हाच बरा उभा हाय गो." भाऊ आता नाही. शिपाई अजून उभा आहे, आणि घरातला डिंक मी कधी संपू देत नाही.