बंद करून चालू न करणाऱ्या बाई

आमच्या बाई बिघडलेली कुठलीही वस्तू बंद करून चालू करत नसत. आपण सगळे तेच करतो. टीव्ही अडकला, बंद करून चालू. फोन तापला, बंद करून चालू. माझा नवरा रुसला की त्यालाही मी तसंच केलं असतं, बटन सापडलं नाही म्हणून राहिलं. बाईंसमोर मात्र कोणी बटनाकडे हात नेला की त्या खुर्चीतून अर्ध्या उठत आणि म्हणत, 'थांब न बाप्पा. पाहू दे आधी.' वर्ध्यातल्या आमच्या वधू-वर मंडळाच्या कार्यालयात त्यांचं नावच 'पाहू दे बाई' पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

त्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. स्वतः लग्न न केलेली बाई मंडळाची वेबसाइट सांभाळते, यावर आमचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, दर सभेला एक विनोद करायचे. बाई एकदाच बोलल्या, 'दवाखाना चालवाले डॉक्टरनं बिमार पडाच लागते काय?' त्यानंतर तो विनोद बंद झाला. मी तिथं फोन घ्यायला आणि नोंदणी करायला बसायची, म्हणजे लोकांचा राग सगळ्यात आधी माझ्या कानात पडायचा.

बाईंचं पाहणं म्हणजे काय, ते आमच्या पंख्यानं मला दाखवलं. दुपारी तो मंद व्हायचा. अध्यक्ष दोन वेळा बटन खटखटवायचे, जरा वारा आल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा तेच. बाई एक दुपारभर खुर्ची टाकून त्याच्याखाली बसल्या. उठल्या आणि म्हणाल्या, 'पंखा चांगला आहे बिचारा. बाजूची चक्की चालू झाली की हा दमते.' खरंच तसं होतं, चक्की सगळी वीज ओढून घ्यायची. 'बंद करून चालू केलं की दुखणं झाकते, जात नाई,' हे त्यांचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नंतर इतक्या वेळा ऐकलं की वैताग यायचा.

आता मंडळाची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पाहण्याचा कार्यक्रम झाला की दोन्ही घरांनी एकमेकांना फोन करायचा नाही. तोंडावर नकार ऐकणं कोणालाच नको असतं. मुलीनं आणि मुलानं आपापलं खातं उघडून होकार किंवा नकार दाबायचा. एका वेळी एकच स्थळ, आणि शेवटी दाबलेलं उत्तर खरं. संध्याकाळी समोरच्या घरी मेसेज जायचा. नकार असला तर त्यात एवढंच असायचं, 'योग जुळत नाही.' एकदा ते आलं की पुन्हा विचारायचं नाही. कित्येक वर्षं या पद्धतीनं माणसांची अब्रू राखली होती.

ही साइट बाईंनी स्वतः लिहिलेली, पर्ल नावाच्या जुन्या भाषेत. तरुण मंडळी हसायची, 'अजून पर्ल?' बाई म्हणायच्या, 'जातं जुनं असलं म्हून पीठ जुनं येते का?' मग सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यांनी कळवलं की जुनी मशीन बंद होणार, सगळं नव्यावर हलवा. साइट ज्या तयार तुकड्यांवर उभी होती, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, त्यातले काही नव्या जागी चालेनात, काहींची नावंच बदललेली. बाईंनी एकेक मॉड्यूल सोडवून बसवलं. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायच्या, 'घर बदललं की डब्यावरच्या चिठ्ठ्या निघून जातात. एकेक उघडून हुंगा लागते.' साइट सुरू झाली, पहिल्यापेक्षा वेगानं चालायला लागली. अध्यक्षांनी पेढे आणले.

पेढे पचतात न पचतात तोच आष्टीहून वैशालीचा फोन आला. ती तिथं शाळेवर शिक्षिका. वडनेरचा मुलगा तिला पाहून गेला होता, आणि तिला तो मनापासून आवडला होता, हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं. 'ताई, त्यायचं उत्तर आलं का?' मी स्क्रीनवर पाहिलं. तिच्याच नावानं वडनेरला नकार गेला होता. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, 'ताई, मी होकार दाबला होता.'

अध्यक्षांचं मत तयार होतं. पोरीचं मन बदललं असेल, आता पुन्हा बदललं, आणि आळ यंत्रावर. शिवाय आणखी एका सभासदानं कळवलं की खातं उघडलं तर दुसऱ्याचंच नाव दिसलं. 'सर्व्हर एकदा बंद करून चालू करा म्हणजे झालं,' असं म्हणून अध्यक्ष कामाला लागले. बाई उभ्या राहिल्या. 'कोणी हात लावाचा नाई. हे बंद केलं तं पोट्टी खरी की खोटी, ते कधीच समजनार नाई.' त्यांनी उत्तरांचं पान तेवढं बंद ठेवलं, सभासदांना तसं कळवलं, आणि सर्व्हर आजारी होता तसाच चालू ठेवून स्क्रीनसमोर बसल्या. अध्यक्ष दिवसभर येरझाऱ्या घालत होते. बाईंनी त्यांना एकदा चष्मा पुसायला फडकं मागितलं, एवढाच काय तो संवाद.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सापडलं. माणूस आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत यंत्रानं त्याला ओळखून ठेवायचं, याला सेशन म्हणतात. बाईंच्या जुन्या लिखाणात एक ओळ होती: आधीच कोणाचं नाव धरलेलं असेल तर तेच धरा, नसेल तर नवं घ्या. जुन्या मशीनवर प्रत्येक माणसासाठी काम नव्यानं सुरू व्हायचं आणि संपायचं, त्यामुळे आधीचं नाव उरायचंच नाही. नवी मशीन वेगासाठी तेच काम पुढच्या माणसाला चालू ठेवायची. वैशाली होकार दाबून गेली, तिचं नाव आत बसून राहिलं. पाठोपाठ पुलगावच्या एका मुलीनं स्वतःच्या स्थळाला नकार दाबला, आणि तो वैशालीच्या नावावर पडला. बंद करून चालू केलं असतं तर ते नाव पुसलं गेलं असतं, सगळं छान दिसलं असतं, आणि काही वेळानं दुसऱ्याच कोणाचं तरी लग्न मोडलं असतं.

'तुमची ओळ चूक होती म्हणजे,' अध्यक्ष म्हणाले.

'तिथं बरोबर होती. इथं चूक झाली. मी संगं आनली, तं माहीच चूक,' बाई म्हणाल्या. ओळ दुरुस्त केली. मग नव्या मशीनवर आल्यापासून गेलेलं प्रत्येक उत्तर त्या-त्या घरी फोन करून पडताळायला लावलं. फोन अर्थातच मी केले, आणि अर्थातच कुरकुरत केले.

वडनेरला मात्र फोननं भागलं नाही. मुलाचे वडील म्हणाले, 'मशीनवर नका ढकलू मॅडम. नाई म्हटलं पोरीनं, संपलं. आमी काई रस्त्यावर पडलो नाई.' बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, 'सुनंदा, उद्या वडनेरले जाऊ.' मी म्हटलं, ते दारात उभं करणार नाहीत. 'मंग दारात दाखवू.'

हिंगणघाटला गाडी बदलून आम्ही पोचलो. दारात नाही ठेवलं त्यांनी, पाणी दिलं, पण एवढंच. बाईंनी लॅपटॉप उघडला. त्यात साइटची जुनी, चुकीसकटची नक्कल मुद्दाम ठेवली होती. माझा आणि मुलाच्या वडिलांचा फोन तिला जोडला.

'भाऊ, लग्नातली पंगत पाह्यली न? पत्रावळ असली की जेवलं, उचलली, फेकली. दुसऱ्याले नवी. पन ताट असलं तं धुवा लागते. माही साइट पत्रावळीवरून ताटावर आली, अन् मी ताट धुतलं नाई. दुसरी पोरगी त्याच ताटात जेवली. आता तुमी पोराचं खातं उघडा.'

त्यांनी उघडलं. मग बाईंनी मला चाचणीपुरतं काढलेलं माझं खातं उघडायला सांगितलं. माझ्या फोनवर त्यांच्या मुलाचं नाव आलं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. 'दाब नकार,' बाई म्हणाल्या. मी दाबला. 'भाऊ, आता तुमच्या फोनवर पाहा.'

त्यांच्या फोनवर आलं होतं: तुमचा नकार नोंदवला आहे.

'मी तं काईच दाबलं नाई,' ते म्हणाले.

'तिनंबी नवतं दाबलं, भाऊ.'

आतल्या दारात मुलाची आई उभी होती. तिनं विचारलं, 'म्हणजे पोरीनं होकार दिला होता?' बाईंनी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि परतीची गाडी किती वाजता आहे, ते विचारलं. पण गाडी चुकली, कारण त्या घरानं जेवल्याशिवाय सोडलं नाही.

लग्न झालं. पुढे मंडळानं साइट एका कंपनीला द्यायचं ठरवलं, आणि बाईंनी त्यावर वाद घातला नाही. जुनी साइट थांबवायच्या दिवशी त्यांनी आत कोणी राहिलं नाही ना, ते आधी पाहिलं. मग मला म्हणाल्या, 'तू बंद कर. माह्याच्यानं नाई होत.' मी केली. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. तेराव्याला वडनेरहून वैशाली आली, सोबत सासरे. ते म्हणाले, 'घरी येऊन सोताची चूक दाखवनारी बाई मी एकच पाह्यली.' मला बाईंची फार आठवण येते, आणि सगळ्यात जास्त येते ती दुपारी पंखा मंद झाला की.

परवा आर्वीहून एका मुलीचा फोन होता. तिच्या नावानं भलतंच उत्तर गेलं, असं ती सांगत होती, आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे तिनं आधीच धरलं होतं. मी कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, 'मॅडम, रिस्टार्ट मारतो, होऊन जाईल.'

'हात लावू नका,' मी म्हटलं. 'पाहू द्या आधी.'

'काय पाहायचंय मॅडम?'

'पोरगी खरं बोलते हे धरून चाला, आणि मग काय दिसतं ते पाहा.'

तो म्हणाला, वेळ लागेल. मी पंख्याखालची खुर्ची ओढली आणि फोन कानाशी धरून बसले. 'लागू द्या,' मी म्हटलं. 'मी बसले आहे.'