आण्णांच्या पिकअपमागचा दगड

आण्णा गाडीत गेले नाहीत.

आधी एवढंच लिहितो. बाकीचं सावकाश सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आण्णा म्हणजे कवठे महांकाळच्या पुढच्या एका वस्तीवरचे रिटायर्ड फौजी. मिलिटरीत ड्रायव्हर होते. मी सलीम, त्यांचा मिस्त्री. सांगलीत आमचं वडिलांपासूनचं गॅरेज. आण्णांची जुनी निळी पिकअप मी तिथं लहानपणापासून बघत आलोय.

गोल हेडलाइट, पुढं एकच लांब सीट, आणि आवाज असा की मिरजेत गिअर बदलला की सांगलीत कळायचं.

मागं आण्णा पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडले. डाव्या घोट्यात प्लेट बसली. घोटा काही वळेना.
डॉक्टर म्हणाले, क्लच विसरा.

झालं! माणूस खाटेला लागला.
रोज सकाळी गाडीत जाऊन बसायचे, इंजिन चालू करायचे, थोडा वेळ ऐकायचे, बंद करायचे. परत खाट.

एक दिवस काकी, म्हणजे आण्णांची बायको, एसटीनं थेट माझ्या दारात.

"सलीम, कायतरी कर बाबा. ह्यो माणूस खाटंवर पडून पडून संपंल."

मी म्हटलं, "काकी, बिनक्लचचा गिअरबॉक्स बसवता येतोय. ऑटोमॅटिक. वर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेला इंजिन दमत न्हाई, निवांत पळतंय."

"मग बसीव. पर एक ध्यानात ठेव. माझा माणूस गाडीत जिवानिशी जाता कामा न्हाई. तसं झालं तर तुझं तोंड बघणार न्हाई."

चेष्टा नव्हती ती. चहा पण घेतला नाही.

अख्खं गॅरेज मला येड्यात काढत होतं. गिअरबॉक्स एका ठोकलेल्या परदेशी गाडीचा, इंजिन जुनं. दोघांचं तोंड एकमेकांना लागंना. मधे बसवायला लेथवर प्लेट करून घेतली. गाडीचा तळ कापला. मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट कापून तोकडा केला. गिअरचं तेल थंड राहायला पुढं कूलर लावला.
(आरटीओचं सगळं रीतसर आहे. कॉमेंटमध्ये वकिली नको.)

गाडी तयार झाली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. काकी शेजारी बसल्या. आण्णांनी ऐटीत गिअरची दांडी ओढली, गाडी निघाली...
आणि आण्णांचा डावा पाय उठला. सवयीनं. क्लच दाबायला.

क्लच कुठाय तिथं? तिथं ब्रेक!

गाडी जागच्या जागी थाडकन. काकींच्या हातातलं खोबरं काचेवर. एक लिंबू अख्खंच्या अख्खं घरंगळत गटारात.

परत तेच. परत तेच.
हायवेला असा पाय पडला आणि मागून ट्रक आला तर? मी म्हटलं, "आण्णा, राहू द्या. चावी द्या हिकडं."

आण्णांचा चेहरा असा पडला की बघवेना.

काकीच सरकल्या. पार आण्णांना खेटून बसल्या आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.
"चला. उठला पाय की दाबती मी."

बस्स. तोच इलाज. बरेच दिवस दोघं तसेच फिरले. गुडघ्यावर हात, बाजार असो नाहीतर लग्न. पारावरची माणसं शिट्ट्या मारायची.
"आण्णा, हनिमूनला निघाला व्हय?"
"व्हय रं! तुमचं का जळतंय?"

पायाची सवय सुटली. काकींनी हात काही काढला नाही.

आणि त्या ओव्हरड्राइव्हची गंमत. हायवेला लागला की इंजिनाचा आवाज एकदम खाली यायचा. आण्णांचा दुसऱ्याच दिवशी फोन.
"सलीम, त्ये ओव्हरड्राइव्ह काढून टाक गड्या."
"आवं का? काय बिघडलं?"
"आवाजच र्‍हायला न्हाई गाडीला. ही काय बोलतीया त्ये सगळं ऐकू यायलंय!"

एका गोष्टीवर मात्र आमचं कायम भांडण. गाडी उभी केली की आण्णा उतरून मागच्या चाकाला दगड लावायचे. पहाडातल्या नोकरीची सवय.
मी म्हणायचो, "आण्णा, दांडी पी वर, म्हंजी पार्किंगवर, टाकली की आतनं कुलूप बसतंय. दगड कशाला?"
"तुझा पी त्या दांडीवर हाय. माझा दगड भुईवर हाय."

मी हसायचो. पण खरं सांगतो, आण्णांचं सोडा, माझाच माझ्या कामावर पुरता भरवसा नव्हता. त्या वस्तीवरून अवेळी फोन आला की आधी ‘गाडी कुठाय?’ विचारायचो.

आज पहाटे आला. काकींचाच.
विचारायचं ते विचारताच येईना.

त्यांनीच आधी सांगितलं.
"सलीम, आण्णा गेले रं. घरात गेले. झोपंत, खाटंवर. गाडीत न्हाई."

ज्या बाईचा नवरा आत्ता गेलाय, तिनं पहिल्यांदा मला मोकळं केलं. मी गॅरेजच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो. दुःख होतंच. पण छातीवरची केवढी धोंड उतरली म्हणून सांगू.

माती देऊन आलो. दारात माणसं बसायला जागा हवी होती, म्हणून गाडी काढायला गेलो. उतारावर उभी. दांडी पी वर. मागं दगड.

काकी उंबऱ्यातून म्हणाल्या, "आधी दगड काढ. बघू दे मला."

काढला.
गाडी बोटभर मागं सरकली. आतून टक् आवाज आला. आणि थांबली.

काकींनी डोळे पुसले. "धरलं रं."
मग म्हणाल्या, "आता चहा घेऊन जा."

धरलं, आण्णा. निर्धास्त जावा.
दगड मी गॅरेजला आणलाय.

तुमच्या मिस्त्रीचा शेवटचा सलाम.