रुखवताची पन्नी

हे मी आजवर कोणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही, देवापुढे हात जोडले तरी मी दुसऱ्याच गोष्टी सांगत बसायची. तशी बोलायची मला भारी हौस — आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, म्हणतात, काकूच्या दारावरून जायचं तर घरी सांगून निघा, उशीर होईल. पण एवढं एक नाही निघालं तोंडातून. तुम्हाला सांगून राहिले, कारण तुम्ही माझ्या नात्यातले नाही.

ते उडत्या तबकड्यांचे माहितीपट तुम्ही पाहता का? मी पाहते. दुपारची भांडी आवरली की चष्मा लावून बसते. कोणी विमानवाला सांगतो, कोणी पोलीस सांगतो, मग ते लोक चित्र थांबवून, मोठं करून दाखवतात — पंख नाहीत, धूर नाही, आवाज नाही. मग एखादी साधी घरची बाई येते आणि म्हणते, आमच्याकडून काही उडालं नव्हतं हो. मी तिच्याकडेच पाहत राहते. काहून?

अशा एका फिल्ममध्ये ती बाई मी आहे.

लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. रुखवतासाठी आम्ही रंगीत कुरडया घातल्या — लाल, हिरव्या, पिवळ्या. सोबत माझी सून, सरिता. इथल्याच पुरानी बस्तीतली पोट्टी, माहेरी छत्तीसगढी बोलणारी; लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. कुरडई तिने आयुष्यात पाहिली नव्हती. पण चीक घोटताना खांदे भरून आले तरी हटली नाही. सोऱ्या दाबायची आणि प्रत्येक गोल झाला की माझ्याकडे पाहायची — जमलं का, अम्मा? जमत होतं. माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं, हेही आजच सांगून टाकते.

चांदीसारखी चकचकीत नवी प्लास्टिकची पन्नी गच्चीवर अंथरून त्यावर आम्ही रांगा घातल्या. ऊन चढलं. मी म्हटलं, तू खाली जा, स्वयंपाकाला लाग, कडेनं विटा मी ठेवते. "हव," म्हणाली आणि गेली.

मग नागपूरहून बहिणीचा फोन आला. लग्नाच्या साड्या, कोणाला काय द्यायचं — तुम्हाला माहीत आहे, दोन बहिणी बोलायला लागल्या की काय होतं ते. मी टाकीच्या सावलीला, कुरडयांकडे पाठ करून बसले. वावटळ आली, मागे काहीतरी फडफडलं, वळून पाहते तर पन्नी वर. ओल्या कुरडया चिकटलेल्या तशाच. उरल्याच्या कारखान्यांकडे, उंच, गोल फिरत, चमकत. खरं सांगू? सुंदर दिसत होती.

घरचे सगळे सदर बाजारातून परत आले तेव्हा मी काय सांगितलं? सांगितलं, मी तर खालीच होते, गच्चीवर शेवटी सरिता होती, विटा ठेवायचं तिला सुचलं नाही. पन्नी मागच्या नालीत पडली, मी टाकून दिली. किती सहज आलं ते! कोणी विचारायच्या आधीच.

सरिता दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि माझी मोठी नणंद म्हणाली, "नव्या पोट्टीच्या हाताले यश नाही वं. रुखवताले तिचा हात नको लागू देऊ."

झालं. रुखवत मांडलं तेव्हा पोरगी पाणी वाटत फिरली. पुढे धाकट्या जावेच्या सुनेचं डोहाळजेवण झालं, बारसं झालं — ओटी भरायला तिला कोणी बोलावलं नाही. हाताला यश नाही. तीन शब्द, पण माणसाला गोंदवल्यासारखे चिकटतात.

इकडे शेजारच्या तिवारी भैयांनी त्याच दिवशी गल्लीतून मोबाइलवर काहीतरी टिपलं होतं. निवृत्त मास्तर, आकाशाचं वेड. ते चित्र कुठे कुठे फिरलं आणि पुढच्या वर्षी दोन पोरं कॅमेरा घेऊन आली. पोरं चांगली होती, मेहनती. घरोघर एकच विचारायची — त्या दिवशी गच्चीवरून चादर, पतंग, पन्नी असं काही उडालं का?

सरिता चहा घेऊन आली होती. म्हणाली, "अम्मा, अपनी वो पन्नी…"

"वो तो नाली में गिरी थी," मी म्हटलं. आणि कॅमेऱ्याकडे पाहून, पदर सारखा करून, "नहीं बेटा, हमारे यहाँ से कुछ नहीं उड़ा."

उडताना पाहिली म्हणाले असते तर गच्चीवर कोण होतं, हे निघालं असतं. एवढंच. भीती म्हणाल तर भीतीही नव्हती, मोठेपण होतं. सासूचं.

फिल्म आली तेव्हा सगळा पारा तिवारी भैयांकडे जमला. मी सगळ्यात पुढे, खुर्चीवर. माझा चेहरा आला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर ती वस्तू आली, मोठी करून. एक जाणकार सांगत होते — पन्नी-पतंगाची शक्यता रहिवाशांनी नाकारली आहे; आणि पाहा, या गोल खिडक्या, ओळीने, आत रंगीत दिवे. लाल, हिरवे, पिवळे.

तिवारी भैया उठून उभेच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी ओळखलं. आणि माझ्या खुर्चीमागून, फक्त मला ऐकू येईल असं, सरिता म्हणाली, "अम्मा, लाल वाली मेरी थीं."

आवाजात राग नव्हता. किती छान गोल आलेत, एवढंच होतं.

तेव्हा वळून बोलता आलं असतं. सगळे होते तिथे — नणंद, जाऊ, लेक-जावई. याहून चांगली वेळ कोणती होती? मी मागे न पाहता म्हटलं, "चूप बैस. ऐकू दे."

ती चूप बसली. अजून चूप आहे.